ग्रेन-फ्री म्हणजे कार्ब्स बंद? पिशवी उलटी करून वाचा!

खारूताई: काल इथे कोणीतरी लिहिलं, "धान्य म्हणजे नुसती भरताड. ग्रेन-फ्री, म्हणजे बिनधान्याचं खाणं घ्या, कुत्र्याचे कार्ब्स बंद." राहवलं नाही म्हणून लिहितेय. मका-तांदूळ काढून वाटाणा, मसूर, बटाटा, टॅपिओका घातलाय. स्टार्चशिवाय कोरड्या खाण्याचा दाणा सहसा नीट बांधला जात नाही. शंभरातून प्रथिनं, फॅट, फायबर, ओलावा आणि राख (म्हणजे खनिजं) वजा करा, उरतात ते कार्ब्स. माझ्या ग्रेन-फ्री पिशवीवर ३०, १५, ५, १०; राख छापलेली नाही, ८ धरली. उरले ३२ टक्के. हे बंद?

रानवाट: भरताड लिहिणारा मीच. आमची कुत्री दोन वर्षं पंजे चावून लाल करायची. ग्रेन-फ्री दिलं, दोन महिन्यांत थांबलं. तुमची वजाबाकी तिला सांगा.

पाणकोंबडी: आधीच्या खाण्यात मांस कशाचं होतं?

रानवाट: चिकन. आता मासा. त्याचं काय?

पाणकोंबडी: अहो, तेच तर! कुत्र्यांच्या अ‍ॅलर्जीत बीफ, दूध, चिकन पुढे असतात. गव्हाचीही होते, पण तुम्ही दोन्ही एकदम बदललंत.

जुनाखोंड: अ‍ॅलर्जी राहू द्या, हृदयाचं बोला. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे अन्न-औषध नियामकाने, कुत्र्यांच्या डीसीएमबद्दल (हृदय फुगून कमजोर होण्याचा आजार) सावध केलं. त्या आजारी कुत्र्यांच्या बऱ्याच खाण्यांत वाटाणा-मसूर घटकांच्या यादीत वरच्या नंबरात होते. आमच्या लॅब्रॅडॉरला तेच चालू होतं. जिना अर्ध्यावर थांबून धापा टाकायचा. इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तर हृदय फुगलेलं. खाणं बदललं, औषधं सुरू केली, वर्षभराने बरंच सावरलं.

रानवाट: औषधंही दिलीत ना? मग श्रेय तांदळाला का? कार्यकारण सिद्ध झालेलं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये एफडीएनेच सांगितलं, नवीन शास्त्रीय माहिती येईपर्यंत पुढचे अपडेट नाहीत.

जुनाखोंड: सिद्ध नाही म्हणजे निर्धोक नाही! रात्रभर त्याचा श्वास मोजत मी बसलोय, तुम्ही नाही.

मनीमाऊ: मांजरांचं कोणी बोलतच नाही. कुत्र्यात स्टार्च पचवणाऱ्या एएमवाय२बी जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा जास्त असतात. मांजर पक्कं मांसाहारी, टॉरिन (एक अमिनो आम्ल) अन्नातूनच लागतं. तिच्यासाठी वाटाणा काय नि तांदूळ काय, प्रमाण बघा.

खारूताई: बरोबर. जुनाखोंड, औषधांचा मुद्दा मात्र रानवाटांचा खरा आहे. रानवाट, आता तुमच्या पिशवीवरचे वाटाणे मोजा. यादी वजनाच्या क्रमाने असते; वाटाण्याचे अख्खा, प्रथिन, स्टार्च, फायबर असे तुकडे करून लिहितात, म्हणून मांस पहिलं दिसतं.

रानवाट: मोजले. तीन ठिकाणी आहेत. 'कार्ब्स बंद' हे शब्द मागे घेतो, तेवढेच. मासा सोडणार नाही.

पाणकोंबडी: मासा ठेवाच की! मासा-तांदूळ देऊन बघा, आणि पंजे लाल झाले तर इथे येऊन मला सुनवा.