मदत हवी आहे: लाइन रिकामी, तरी फायरवॉल झोपतोय

सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं नेटवर्क बघतो. आयटी विभाग म्हणजे मी एकटाच, प्रिंटरचा टोनरसुद्धा मीच बदलतो. मुख्य कार्यालयात एक फायरवॉल, म्हणजे येणारी-जाणारी रहदारी गाळणारा बॉक्स (कंपनी मुद्दाम लिहीत नाही), त्यावरूनच ७ शाखांचं व्हीपीएन (शाखांना इंटरनेटवरून जोडणारं सुरक्षित जाळं).

आठवड्यात चार वेळा झालं. दुपारी तीनच्या सुमारास सगळ्या शाखा एकदम बंद. काउंटरवर रांग, मॅनेजरचे फोन. दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप चालू. आमचे शिपाई मामा तोवर प्लग काढून परत लावतात आणि श्रेय त्यांना जातं.

परवा मामांना थांबवलं आणि फायरवॉलला थेट कन्सोल केबल लावून बसलो. सीपीयू ९९ टक्के, कमांड टाइप केली की अक्षर दोन सेकंदांनी उमटतं. पण लाइन १०० एमबीपीएसची आणि येणारी रहदारी जेमतेम १७! साहेब म्हणतात लाइन वाढवून घ्या. मला ते पटत नाही.

२०२४ च्या डिसेंबरमध्ये पालो आल्टो या कंपनीच्या फायरवॉलमधल्या डीएनएस सिक्युरिटी या सोयीतली त्रुटी जाहीर झाली होती, सीव्हीई-२०२४-३३९३ (त्रुटींच्या जाहीर यादीतला तिचा क्रमांक). एका खास पॅकेटने (डेटाच्या छोट्या तुकड्याने) फायरवॉल रीबूट, आणि तेच परत परत केलं तर थेट मेंटेनन्स मोड. आमचा बॉक्स त्यांचा नाही, पण तसलंच काही असेल का?

प्रतिसाद १
मामांनी हात लावला नाही त्या दिवशी अपटाइम (बॉक्स सलग किती वेळ चालू आहे तो आकडा) शून्यावर आला का? नसेल तर क्रॅश नाही, दमछाक आहे. एमबीपीएस सोडा, सेकंदाला पॅकेट किती ते बघा. स्विचवर पोर्ट मिरर करून (रहदारीची नक्कल दुसऱ्या पोर्टवर घेऊन) वायरशार्क लावा, पॅकेट उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर.

धागाकर्ता
अपटाइम चालूच होता. आज कॅप्चर मिळालं: सेकंदाला साधारण ४३ हजार पॅकेट, जवळपास सगळी आयसीएमपी (नेटवर्कवरच्या अडचणी कळवणारे निरोप), टाइप ३ कोड ३, म्हणजे ‘पोर्टपर्यंत पोहोचता येत नाही’. आम्ही काही पाठवलेलंच नसताना ‘पोर्ट अनरीचेबल’ची उत्तरं कोण देतंय?

प्रतिसाद २
हा तर ब्लॅकनर्स नावाचा हल्ला! २०१६ मध्ये डेन्मार्कच्या टीडीसी या टेलिकॉम कंपनीच्या लोकांनी उजेडात आणला. १५ ते १८ एमबीपीएसमध्ये त्यांनी भलेभले फायरवॉल आडवे झालेले पाहिले, सिस्को एएसएसुद्धा. पॅकेट चिमुकलं, पण प्रत्येकामागे सीपीयूला काम लागतं. लाइन दुप्पट केलीत तर हल्ला करणाऱ्याचीच सोय. वॅनवर (इंटरनेटच्या बाजूला) टाइप ३ कोड ३ नाकारा. मात्र घाईत अख्खा टाइप ३ बंद करू नका. कोड ४ (‘पॅकेट मोठं आहे, मावत नाही’ हा निरोप) अडला की पाथ एमटीयू (वाटेत मावेल एवढा पॅकेटचा आकार) ठरवणं बिघडतं आणि तुमचे व्हीपीएनचे टनेल भलत्याच वेळी अडकतील.

धागाकर्ता
नियम टाकला. आज ३:०५ ला पुन्हा आलं, सीपीयू ४० च्या आत राहिला, एकही टनेल पडला नाही. आता एवढंच सांगा: हे पॅकेट सेवापुरवठादाराने वरच अडवावं म्हणून तक्रारीत नेमकं काय लिहू? कॉल सेंटरवाला ‘राउटर रीस्टार्ट करा सर’च्या पुढे जातच नाही.