कडुलिंबाच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण: रंग बदलला म्हणजे झाले का?

प्रश्न: कडुलिंबाच्या पानांचा अर्क सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिसळल्यावर ते पिवळसर तपकिरी झाले. एवढ्यावरून जखमेवरील मलमासाठी चांदीचे नॅनोकण (नॅनोमीटर मापाचे अतिसूक्ष्म कण) तयार झाले, असे मानावे का?

उत्तर १: रंग ही केवळ पहिली खूण आहे. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (द्रावण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषते ते मोजणाऱ्या यंत्रावर) ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या दरम्यान शोषणाचे शिखर, म्हणजे चांदीच्या नॅनोकणांची खूण, दिसते का, ते पाहावे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री यांच्या गटाचा कडुलिंबावरचा २००४ चा शोधनिबंध अवश्य वाचावा.

उत्तर २: मलमाचा विचार त्यानंतरचा. कण सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून वेगळे करून) नीट धुवा आणि जिवाणूंच्या चाचणीत नुसता अर्क व नुसते सिल्व्हर नायट्रेट यांच्या स्वतंत्र तबकड्या तुलनेसाठी ठेवा, कारण द्रावणात उरलेले चांदीचे आयनही (विद्युतभारित अणू) जिवाणू मारतात आणि श्रेय मात्र नॅनोकणांना जाते. मानवी पेशींवरील विषारीपणाची चाचणी तर टाळताच येणार नाही.