संग्रहालयातल्या विलायती-जपानी दालनांचं करायचं काय?

पायपीटवाला: परवा पाहुण्यांना छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय (जुनं प्रिन्स ऑफ वेल्स) दाखवलं. खाली मूर्तींपाशी ही गर्दी, वर युरोपियन चित्रांपाशी आम्ही पाचजण. जमशेटजींचे मुलगे सर रतन आणि सर दोराबजी टाटांनी हौसेनं जमवलेला ऐवज, आभार आहेतच. पण एका श्रीमंत घराच्या दिवाणखान्याची आवड आपण शंभर वर्षं भिंतीवर का वागवायची? ती जागा चित्रकथीच्या पोथ्यांना द्या. मारा आता दगड.

खडूफळा: दगड नको, त्याच ऐवजातलं जपानी नेत्सुके मारतो. अंगठ्याएवढं असतं, फार लागणार नाही. किमोनोला खिसा नसतो हो. तंबाखूची पिशवी नाहीतर औषधाची डबी दोरीला बांधायची, दोरी कमरपट्ट्याखालून वर ओढायची आणि ती निसटू नये म्हणून टोकाला ही अडकण. लाकडाची किंवा हस्तिदंताची. अणकुचीदार काही ठेवायचं नाही, कापडात अडकेल. म्हणून उंदीर कोरला तर शेपूट अंगाशी वळवलेलं. दोरीची भोकंसुद्धा नक्षीत बेमालूम बसवलेली. आजीच्या कमरेची चंची आठवत असेल त्याला हे परकं वाटू नये.

रोकठोक: सुंदर लिहिलंत, पण हातात खेळवायची वस्तू काचेआड एकाच अंगानं दिसणार. शिवाय मेईजी काळात (१८६८ ते १९१२) जपानी लोक कोट-पाटलोणीत शिरले, नेत्सुके अडगळीत गेली आणि परदेशी शौकिनांनी उचलली. आपल्यापर्यंत पोचलेलं जपान या शौकिनांच्या चाळणीतून आलेलं आहे.

पायपीटवाला: हेच तर म्हणतोय!

सांजवेळ: 'श्रीमंताची हौस' म्हणून झटकू नका. याच सर रतन टाटांनी १९१३ पासून पाटलिपुत्राच्या उत्खननाला पैसे पुरवले. आपलं-परकं अशी दोन खाती त्या माणसानं तरी मांडली नव्हती. इंग्लंडात ट्विकनहॅमला घर होतं, १९१८ साली वारलेही इंग्लंडातच. तरी संग्रह मुंबईत आला.

रोकठोक: मान्य. पण युरोपातली अव्वल चित्रं त्यात किती?

खडूफळा: अव्वलच बघायचं तर गल्लीतलं क्रिकेटही बंद करा. अहो, आम्ही शिकत असताना त्या चित्रांसमोर नाही, बाजूला उभे राहायचो. तिरप्या उजेडात रंगाचा थर कुठे जाड, कुठे कापड दिसेल इतका पातळ, ते कळायचं. पुस्तकात सगळं गुळगुळीत छापलेलं असतं. हे शिकायला पोरांनी पॅरिसचं तिकीट काढायचं का?

पायपीटवाला: बरं, तुमचं नेत्सुके राहू द्या. तैलचित्रं मात्र निम्मी करा, यावरून मी हटत नाही.

खडूफळा: रविवारी अकराला फाटकाशी या. एकच चित्र दाखवतो, तेही बाजूनं.

पायपीटवाला: येतो. पाहुणे अजून हललेले नाहीत.