मदत हवी आहे: फळांचं सारण भरलेल्या कुकीज ओव्हनमध्ये फुटतात आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडतात

पारिजात

मी घरी फळांचं सारण भरून कुकीज करते. विकतचा जॅम भरला की नुसतं गोड लागतं, फळ कुठलं ते कळतही नाही. म्हणून सारण ताज्या फळांचंच हवं, यावर मी ठाम आहे. बहुतेक वेळा सफरचंद, हंगामात स्ट्रॉबेरी. चव मनासारखी येते, पण बाकी गाडं अडलंय.

पारीसाठी 300 ग्रॅम मैदा, 200 ग्रॅम बटर, 100 ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि गोळा जमण्यापुरतं थंड दूध. अंडं घालत नाही. सारणासाठी 300 ग्रॅम सोललेलं सफरचंद किसून, 80 ग्रॅम साखर, चमचाभर कॉर्नफ्लोर, लिंबाचा रस. सगळं एकत्र करून घट्ट होईपर्यंत, म्हणजे साधारण दहा मिनिटं शिजवते. दोन चकत्यांमध्ये चमचाभर सारण, कडा काट्याने दाबून बंद, 170 अंशांवर वीस मिनिटं.

निम्मा वेळ होईपर्यंत सगळं छान दिसतं. मग एखाद्या कुकीची कड एका जागी किंचित फुगते, तिथे चीर पडते आणि बुडबुडे येत सारण बाहेर ओघळतं. ट्रेवर ते जळून कडक होतं, कुकी उचलायला गेलं की तळाचा तुकडा तिथेच चिकटून राहतो. ज्या फुटत नाहीत त्या त्या दिवशी सुंदर खुसखुशीत असतात, पण दुसऱ्या दिवशी तळावर बोट दाबलं तर रुततं.

या कुकीज मला बाबांना पाठवायच्या आहेत. ते लांब राहतात, डबा पोचायला दोन-तीन दिवस जातात. त्यांना फळांचं काहीही आवडतं, त्यामुळे साध्या बटर कुकीज पाठवाव्यात असं मनात येत नाही. कुणी सांगेल का नेमकं कुठे चुकतंय?

मंदआच

पारिजात, पारीचं प्रमाण उत्तम आहे. साखर एक, बटर दोन, मैदा तीन. त्यात फार हात घालू नका. अडचण सारणातल्या पाण्याची आहे.

सफरचंदात सुमारे 85 टक्के पाणी असतं. म्हणजे तुमच्या 300 ग्रॅम किसात 250 ग्रॅमच्या वर पाणीच आहे. कॉर्नफ्लोरमुळे सारण दहा मिनिटांत दाट दिसायला लागतं, पण पाणी कुठे गेलेलं नसतं, ते फक्त बांधलं जातं. ओव्हनमध्ये सारण 100 अंशांच्या जवळ गेलं की त्याची वाफ व्हायला लागते. बंद पारीतून वाफेला वाट नाही, मग ती कडेचा सगळ्यात कच्चा सांधा शोधते.

म्हणून घड्याळ बघू नका, वजन बघा. रिकामं पातेलं आधी तोलून ठेवा. फळ आणि साखर मिळून 380 ग्रॅम होतात, ते आटून 200 ग्रॅमच्या आसपास येऊ द्या. तेवढं झालं की सारणात साधारण एक तृतीयांश पाणी उरतं आणि बाकी साखर आणि फळाचा गर. कॉर्नफ्लोरची मग गरजच पडत नाही, सफरचंदात पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा फळातलाच घटक, भरपूर असतं. तराजू नसेल तर उलथनं पातेल्याच्या तळावरून ओढा. मागे पडलेली वाट लगेच भरून न येता तशीच राहिली पाहिजे.

आणि सारण पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका. कोमट सारणाने आतलं बटर वितळतं आणि पारी भरतानाच सैल पडते.

रवाळ

सफरचंदासाठी वरचं सगळं पटलं. स्ट्रॉबेरीसाठी मात्र नाही! तिच्यात 90 टक्क्यांच्या आसपास पाणी, एवढं आटवेपर्यंत रंग तपकिरी होतो आणि ताजेपणा उडून जातो. मग विकतच्या जॅमने काय वाईट केलं होतं?

तिच्यासाठी मी वेगळं करते. फोडींना साखर चोळून अर्धा-पाऊण तास ठेवायचं. साखर फळातलं पाणी ओढून घेते, तळाशी लालभडक रस साचतो. तो गाळून फक्त रसच मोठ्या आचेवर आटवायचा, चमच्यावरून जाड थेंब पडेल इतका. मग फोडी त्यात घालून चार-पाच मिनिटंच परतायच्या. त्यातून पुन्हा थोडं पाणी सुटतं, ते उडालं की गॅस बंद. फळ फार वेळ शिजत नाही, म्हणून चव जिवंत राहते. स्ट्रॉबेरीत पेक्टिन कमी, म्हणून रसात अर्धं सफरचंद किसून घालते. लिंबाचा रस निम्मा आधी आणि निम्मा गॅस बंद केल्यावर. किसलेली लिंबाची साल घालायची असेल तर तीही शेवटीच.

कॉर्नफ्लोर वापरायचाच असेल तर आंबट रसात तो फार वेळ उकळत ठेवू नका, पुन्हा पातळ होतो. आणि असं सारण फ्रीझरमध्ये ठेवू नका. कॉर्नफ्लोरने बांधलेलं सारण गोठून सुटलं की पाणी सोडतं.

कडेकोट

सारणाबद्दल सगळे सांगतायत, मी कडेबद्दल सांगतो, कारण सारण कितीही आटवलं तरी घाणेरडा सांधा फुटणारच.

चकतीच्या कडेला सारणाचा नुसता पुसट हात लागला तरी तिथे वरची पारी चिकटत नाही. साखर आणि गर मध्ये येतात. लाटताना वापरलेला कोरडा मैदाही तेच करतो. त्यामुळे सारण मधोमध, कडेपासून बोटभर जागा मोकळी. सुक्या ब्रशने कडेवरचा मैदा झटकायचा, मग दुधाचा किंवा पाण्याचा अगदी बारीक हात फिरवायचा, ओलं करायचं नाही. वरची चकती ठेवून आधी सारणाभोवती बोटाने दाबत आतली हवा बाहेर काढायची, नंतर काटा. वरच्या चकतीला सुरीच्या टोकाने छोटी चीर द्यायला विसरू नका. वाफेला वाट दिली की ती कड फोडत नाही.

वरची चकती खालच्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर मोठी कापा. तिला सारणाच्या उंचवट्यावरून यायचं असतं. दोन्ही सारख्या कापल्या तर वरची ताणली जाते, आणि ताणलेली पारी भाजताना आक्रसते.

बेकिंग पावडर काढून टाका. ती पारी फुगवते आणि फुगताना सांधा उकलतो. भरलेल्या कुकीला तिचा उपयोग नाही.

मंदआच

कडेकोट, चिरेचं मी लिहायला हवं होतं, बरं झालं तुम्ही लिहिलंत.

तापमानाबद्दल: 170 ऐवजी 185-190 करून बघा. बटर 32 ते 35 अंशांना वितळतं. ओव्हन मंद असेल तर पारी घट्ट व्हायच्या आधी बटर वितळून ती पसरते आणि तेवढ्या वेळात सारणही उकळायला लागतं. ओव्हन नीट तापलेला आणि भरलेल्या कुकीज फ्रीजमधून अर्धा तास गार होऊन आलेल्या, अशी जोडी जमली की बाहेरचा भाग आधी धरतो. मग भाजायला वेळही कमी लागतो, चौदा-पंधरा मिनिटांपासून लक्ष ठेवा. ट्रे खालच्या कप्प्यात ठेवलात तर तळ चांगला भाजला जाईल. फक्त ट्रे काळा असेल तर मधलाच कप्पा बरा, काळ्या ट्रेवर तळ लवकर करपतो.

पारिजात

सगळ्यांचे मनापासून आभार. सफरचंदाचं सारण वजनावर आटवून, बेकिंग पावडर काढून, चीर देऊन केल्या. एकही फुटली नाही! सारण घट्ट, चकचकीत, आणि आश्चर्य म्हणजे सफरचंदाची चव आधीपेक्षा जास्त लागते.

पण दुसऱ्या दिवशी तळ अजूनही थोडा नरम पडतोय. आधीइतका नाही, तरी भाजलेल्या दिवशीचा खुसखुशीतपणा राहत नाही. बाबांपर्यंत पोचेपर्यंत काय होईल याचीच काळजी वाटते.

रवाळ

हे पूर्ण थांबवता येणार नाही, कमी करता येईल. ओलं सारण कोरड्या पारीला चिकटून बसलंय, त्यामुळे पाणी सारणातून पारीत सरकत राहतं, दोन्हीकडची ओल सारखी होईपर्यंत. साखर पाणी धरून ठेवते, म्हणून जास्त साखरेचं सारण कमी ओल सोडतं. तुम्हाला कमी गोड हवं असेल तर त्याची किंमत इथे मोजावी लागते.

पाठवायच्या कुकीजसाठी मी निम्मं ताजं आणि निम्मं सुकं फळ घेईन. सुके अंजीर किंवा जर्दाळू अगदी बारीक चिरून आटवलेल्या सफरचंदात गरम असतानाच मिसळायचे आणि रात्रभर झाकून ठेवायचं. सुकं फळ उरलंसुरलं पाणी शोषून घेतं. सकाळी सारणाचा गोळा हाताने वळता येतो, भरायलाही सोपं. चव ताज्या फळाचीच पुढे राहते, मी करून खाल्लंय म्हणून सांगते.

शिवाय खालच्या चकतीवर सारणाखाली बदामाची पूड नाहीतर कुकीचाच चुरा पातळसा भुरभुरवा. ओल आधी तिथे थांबते.

कडेकोट

पाठवायच्याच असतील तर आणखी एक वाट आहे. चकत्या कोऱ्या भाजून, वरच्या चकतीला मध्ये गोल भोक पाडून, वेगळ्या डब्यात पाठवा आणि सारण छोट्या बरणीत. बाबा खायच्या वेळी लावून घेतील. मग तीन दिवसांनीही कुकी खुसखुशीतच.

पारिजात

कडेकोट, कल्पना छान आहे, पण बाबांचे हात थरथरतात, बरणी उघडून लावणं त्यांना जमणार नाही. त्यांनी डबा उघडला की लगेच हातात घेऊन खाता यायला हवं. रवाळ, तुमचं अंजीर घालून करून बघते. पॅक करताना काही विशेष काळजी?

रवाळ

मग भरलेल्याच पाठवा, अगदी बरोबर. ओव्हनमधून काढल्यावर पाच मिनिटं ट्रेवर राहू द्या, मग जाळीवर. पारी गार लागली तरी आतलं सारण बराच वेळ गरम असतं, म्हणून निदान दोन-तीन तास तशाच उघड्या ठेवा. आत ऊब असताना झाकण लावलं तर झाकणाला घाम येतो आणि सगळी मेहनत वाया जाते. डब्यात एकेका थरामध्ये बेकिंग पेपर घाला आणि इतर कोरड्या कुकीज याच डब्यात ठेवू नका, त्याही ओल ओढतात. या सारणात साखर कमी करू नका, तीन दिवस फ्रीजबाहेर राहायचंय. भाजलेल्या दिवशीच डबा पाठवा.

बाबांना आवडल्या का ते नक्की कळवा.