कोंबड्या मोकळ्या सोडायच्यात पण मुंगूस आणि घार सोडत नाहीत, काय करावं?

गुहागरकडे घर आहे, मागे आंबा-काजूची बाग आणि बाजूला गडगा (दगडांचं कुंपण). घरच्या अंड्यांसाठी गावरान कोंबड्या पाळल्यात. दिवसभर कोंडून ठेवायच्या नाहीयेत, त्या पालापाचोळा उकरतात, वाळवी, किडे खातात ते बघायलाच बरं वाटतं आणि खाद्याचा खर्चही कमी होतो. पण परवा भर दुपारी एक तलंग (अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी) गेली, मान फोडून गडग्याजवळ टाकलेली, आणि पिल्लं तर एकेक करून गायब होतायत, मागे पीससुद्धा राहत नाही. गावात सगळे म्हणतात कोंडूनच ठेव. मोकळ्या ठेवून वाचवता येतात का? कोणी करतंय का असं?

परसातली
येतात ताई, आमच्याकडे लांज्याला वर्षानुवर्षं मोकळ्याच आहेत. तुमच्याकडे दोन वेगळे चोर दिसतायत. मान फोडून टाकलेली म्हणजे बहुतेक मुंगूस, तो दिवसाच फिरतो आणि गडग्याच्या दगडांत त्याला लपायला जागाच जागा. पिल्लं मागमूस न ठेवता जातायत ती घार किंवा शिक्रा, कावळाही लहान पिल्लू उचलतो. पिल्लं महिना-दीड महिन्याची होईपर्यंत आईसकट डालग्याखाली (बांबूच्या मोठ्या टोपलीखाली) ठेवा, डालगं रोज नव्या जागी सरकवायचं म्हणजे त्यांना ताजी माती मिळते. मोठ्या कोंबड्यांना घारीचं फारसं भय नाही, फक्त उघड्या अंगणात सोडू नका, झुडपं हवीत. करवंदीची जाळी, अबोलीचे ताटवे, काहीही चालेल. घार दिसली की कोंबडा वेगळाच आवाज काढतो आणि सगळ्या क्षणात आत पळतात, जवळ आडोसा असेल तरच त्याचा उपयोग. म्हणून एक चांगला जाणता कोंबडा ठेवाच.
आणि गडग्याला लागून असलेलं गवत काढून टाका, दोन-तीन हात तरी जागा साफ पाहिजे. मुंगूस उघड्यावरून यायला कचरतो.

वेल्डमेश
दिवसाचं वर आलंच आहे, पण खरी कत्तल रात्री होते. रानमांजर, उदमांजर, साप, बहुतेक रात्रीच येतात. खुराड्याला ती षटकोनी पातळ जाळी असेल तर आजच बदला, ती कोंबडी आत ठेवायला आहे, कुत्रा ती दातांनी फाडतो. अर्ध्या इंचाची वेल्डमेश (तारा जोडून केलेली चौकोनी, मजबूत जाळी) लावा. खाली मातीची जमीन असेल तर जाळी फूटभर खोल पुरा किंवा बाहेरच्या बाजूला जमिनीवर फूट-दीड फूट पसरून वर दगड ठेवा, उकरणारा तिथेच थांबतो. जिथून मुंगसाचं डोकं जातं तिथून सगळं अंग जातं हे लक्षात ठेवून फटी बुजवा. कडी साधी नको, वर खिट्टी पण घाला. अंडी संध्याकाळी काढून घ्या, अंड्यांच्या वासावर साप येतात.
संध्याकाळी कणी फक्त खुराड्यातच टाकायची, म्हणजे दिवस मावळायच्या आत त्या आपणहून येतात, मागे धावावं लागत नाही.

शेतकरी_गडी
कुत्रा पाळा. पिल्लू असल्यापासून कोंबड्यांत वाढवलं की हात लावत नाही आणि मुंगूस फिरकत नाही.

जुन्नरचा
दादा, आमच्याकडे उसात बिबटे आहेत, रात्री अंगणात बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला आमंत्रण. कुत्रा ठेवायचा तर रात्री त्यालाही बंद जागेत घ्या. कोकणातही बिबटे आहेतच.
आणखी एक, कळकळीने सांगतो, चिडून विषारी गोळे टाकू नका. मुंगूस, घार, रानमांजर सगळे वन्यजीव कायदा १९७२ मध्ये संरक्षित आहेत, आणि विष खाऊन मेलेला उंदीर घार खाते, कुत्रा खातो, ते तिथे थांबत नाही. मुंगूस गेला तर घराभोवती नाग आणि उंदीर वाढू शकतात ते वेगळंच.

(विचारणारी)
सगळ्यांचे आभार, खूप बरं वाटलं. गवत उद्याच साफ करून घेते. जाळी षटकोनीच आहे. वनराजा जातीच्या कोंबड्या पण आणायच्या म्हणत होते, त्या मोकळ्या चालतील का?

परसातली
वनराजा अंगाने जड, गावरानसारखी झाडावर उडून बसणार नाही. आडोसा जास्त द्या, आणि आणल्यावर आठवडाभर खुराड्यातच ठेवा, घर ओळखीचं झालं की मग सोडा. राणीखेत रोगाची लस झालीय का ते मात्र घेतानाच विचारा.