वरचा आकडा चढतो तेव्हा खालचा का उतरतो?

मोठे काका: या आठवड्यात घरच्या यंत्रावर तीनदा रक्तदाब मोजला. तिन्ही वेळा वरचा आकडा 158 च्या आसपास आणि खालचा 70 च्या आसपास आला. खालचा आकडा इतका चांगला असताना डॉक्टरांनी गोळी का सुरू केली, हे मला उमगलेले नाही.

ताई: काका, खालच्या आकड्यावर निर्धास्त राहू नका, मला तर दोन आकड्यांमधले अंतरच काळजीचे वाटते. हृदयातून निघणारी महाधमनी तरुणपणी लवचीक असते. ठोक्यासरशी रक्त आत आले की ती फुगते, म्हणून वरचा दाब फार चढत नाही; आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात ती आकसून तेच रक्त पुढे ढकलते, म्हणून खालचा दाब टिकून राहतो. वयानुसार तिच्या भिंतीतले इलॅस्टिन या लवचीक प्रथिनाचे तंतू झिजून तुटतात, ते पुन्हा फारसे तयार होत नाहीत आणि सगळा ताण कोलॅजनच्या ताठ तंतूंवर येतो. मग ती पूर्वीसारखी फुगत-आकसत नाही, म्हणून वरचा आकडा चढतो आणि खालचा उतरतो. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या शेप नावाच्या अमेरिकी औषध-चाचणीत साठीपुढच्या, केवळ वरचा दाब वाढलेल्या लोकांना औषध दिले, तेव्हा पक्षाघाताचे प्रमाण सुमारे 36 टक्क्यांनी घटले. तुमची गोळी त्यासाठीच आहे.

आत्या: पण दाबामुळे धमन्या ताठरतात, की त्या ताठरल्यामुळे दाब वाढतो?

ताई: आत्या, दोन्ही एकमेकांना वाढवतात. मात्र फ्रॅमिंगहॅम या अमेरिकेतील हृदयविकारावरच्या दीर्घकालीन अभ्यासाच्या 2012 मधील निष्कर्षांत, ज्यांची महाधमनी आधीपासून ताठर होती त्यांना पुढे उच्च रक्तदाब होण्याचा धोका अधिक आढळला. सुरुवातीच्या रक्तदाबावरून पुढच्या ताठरपणाचा अंदाज मात्र बांधता आला नाही. हा ताठरपणा मोजताही येतो. नाडीची लाट मानेपासून जांघेपर्यंत किती वेगाने पोहोचते ते पाहतात, आणि हा वेग सेकंदाला 10 मीटरहून अधिक असेल तर धमन्या ताठरल्या आहेत असे धरतात.

काका, गोळी सुरू झाल्यापासून उठताना चक्कर येते का? येत असल्यास बसून आणि मग उभे राहून, असा दोन्ही वेळा दाब मोजा. परंतु गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

मोठे काका: परवा पहाटे उठताना पलंगाची कड धरून क्षणभर थांबावे लागले होते. उद्या दोन्ही प्रकारे मोजतो आणि डॉक्टरांना कळवतो.