फूटलूज मराठीत करायचंय, पण बडोद्यात नाचबंदी कुणाला पटणार?

नाटकवेडी_रावपुरा
नमस्कार मंडळी, आमचा दांडिया बाजार-रावपुरा साइडचा ग्रुप आहे, गणपतीत काही ना काही बसवतो. यंदा सगळ्यांच्या डोक्यात फूटलूज बसलंय, १९८४ चा पिक्चर नाही, त्याच्यावरून १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलं ते म्युझिकल, म्हणजे संगीत नाटक. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी, शिकागोचा रेन आईबरोबर बोमाँट नावाच्या आडगावात राहायला येतो आणि कळतं की इथे नाचायलाच बंदी, कारण काही वर्षांपूर्वी नाचाच्या पार्टीहून परतताना पोरांची गाडी पुलावरून खाली गेली आणि त्यात चर्चच्या पाद्रीचा मुलगाही गेला. मग रेन आणि त्याच पाद्रीची मुलगी एरियल बंदीविरुद्ध उभे राहतात.

तर लोचा असा की पहिल्याच वाचनाला सगळे हसायला लागले. मंडळातले एक काका म्हणाले, अगं ज्या गावात नऊ रात्री देवीसमोर आजीपासून नातीपर्यंत सगळ्या त्रण ताळी, म्हणजे तीन टाळ्यांचा गरबा, घेतात तिथे धर्मामुळे नाच बंद, हे कोण ऐकून घेणार? काकांचं चूक नाहीये. मग गोष्ट अमेरिकेतच ठेवायची की इकडच्या गावात आणायची? आणि दुसरं, आमचा विलार्ड, म्हणजे ज्याला नाचता येत नाही तो मित्र, त्याला वाईट नाचताच येत नाहीये.

विंगेतला_माणूस
अमेरिकेतच ठेवा. ही गोष्ट हवेतून आलेली नाही, ओक्लाहोमात एल्मोर सिटी म्हणून छोटं गाव आहे, तिथे १८९८ पासून सार्वजनिक नाचाला बंदी होती आणि १९८० मध्ये हायस्कूलच्या मुलांनी प्रॉमसाठी, म्हणजे शाळेच्या नाचाच्या पार्टीसाठी, भांडून ती उठवायला लावली. लेखक डीन पिचफर्डने ते वाचून तिथे जाऊन राहून मग लिहिलं. तिकडच्या कर्मठ चर्चवाल्यांचं लॉजिक सरळ आहे, नाच आला की दारू येते, दारू आली की बाकीचं येतं. सूत्रधाराच्या तोंडी एवढं टाकलंत की पब्लिक गपचूप ऐकेल, आपल्याकडच्यांना दुसऱ्यांचं कर्मठपण लगेच पटतं 😄

सुरसागरची_काकू
मला नाही पटत. अमेरिकेत ठेवलंत की लोक टाळ्या वाजवून घरी जातील, बघा बाई किती मागासलेले लोक, आणि झालं. आपल्याकडे नाच बंद कधीच नव्हता पण नाचायचं कुणी ते ठरलेलं होतं ना. १८८० मध्ये सयाजीरावांचं पहिलं लग्न झालं तेव्हा तंजावरहून महाराणींबरोबर नर्तकी आल्या, दरबारात पगारी नोकरीला होत्या, राजाने कौतुक केलं, सगळं खरं. पण म्हणून वाड्यातल्या लेकीसुनांना कुणी घुंगरू बांधून दिले का? माझी सासू शेवटपर्यंत म्हणायची चांगल्या घरच्या मुली नाचत नाहीत, आणि आज त्याच घरातली नात युनिव्हर्सिटीत भरतनाट्यमची डिग्री करतेय.

आणि गरब्याचंही सांगते. नऊ दिवस सगळं माफ, रात्री एकला आली तरी चालतं कारण देवीचं आहे. दसऱ्याच्या रात्री तीच मुलगी साडेनऊला घरी आली की जिन्यातच कोर्ट भरतं, कुठे होतीस, कोण सोडायला आलं, गाडी कुणाची. तुमचं नाटक तिथे आहे. नाचावर बंदी दाखवूच नका, दहावी रात्र दाखवा.

म्युझिकलमध्ये याला जोडून घेता येईल असं गाणंही आहे, पाद्रीची बायको, रेनची आई आणि एरियल, तिघी मिळून गातात, गप्प बसायला कशा शिकलो ते. ते कापू नका, पोरं सगळ्यात आधी तेच कापतात.

टाळकरी
काकू, दहावी रात्र बेस्ट!! मी फक्त नगरसभेच्या सीनबद्दल बोलतो. बंदी उठवा म्हणायला रेन तिथे बायबल घेऊन जातो, खुणा करून एरियलने दिलेलं असतं, आणि वाचून दाखवतो की दावीद राजा देवापुढे जीव तोडून नाचला, प्रत्येक गोष्टीला वेळ असते तशी नाचायलाही असते वगैरे. म्हणजे त्यांच्याच पोथीतून त्यांना उत्तर. इकडे आणलंत तर शोधायला कुठे जायची गरज नाही, नामदेव महाराज आहेतच, नाचू कीर्तनाचे रंगी, ज्ञानदीप लावू जगी. मुलीने बापासमोर हे म्हणावं, आणि बाप स्वतः कीर्तनकार असावा, मग बघा कशी पंचाईत होते त्याची.

पण एक लक्षात ठेवा, एवढं बोलूनही रेन तिथे हरतो. सभा नाहीच म्हणते. पाद्री बदलतो तो नंतर, रेन त्याच्या घरी जातो तेव्हा, एकाचा बाप सोडून गेलेला आणि दुसऱ्याचा मुलगा गेलेला. भाषणावर टाळ्या घेऊन तिथेच सगळ्यांचं मतपरिवर्तन दाखवलंत तर नाटक मेलं. बापाला व्हिलन करू नका प्लीज, त्याने पोरगा गमावलाय आणि त्या रागात गावाला नियम लावलेत.

नाटकवेडी_रावपुरा
काकू, टाळकरीदादा, रात्री ग्रुपवर टाकलं तर भांडणंच सुरू झाली 🙈 मुलींना दहावी रात्र पाहिजे, मुलांना ओरिजिनल गाणी पाहिजेत.

विंगेतला_माणूस
मुलांना सांगा गाण्यांना पैसे लागतात. म्युझिकल करायचं तर लायसन घ्यावं लागतं, हौशी असलात तरी, आणि मराठीत आणायची परवानगी वेगळी मागायची, ती मिळेलच असं नाही. विषयाला कॉपीराइट नसतो, संवादांना आणि गाण्यांना असतो. म्हणजे काकूंचं ऐकून स्वतःचं लिहिलंत तर खर्चही वाचतो, मी माझं अमेरिकेचं मत मागे घेत नाही पण बजेट बघता त्यांचंच करा. फक्त मग नाव फूटलूज ठेवू नका. आणि उघड्यावर करणार असाल तर लाउडस्पीकर दहाला बंद, सणाची बारापर्यंतची सूट सरकार ठरवेल त्याच दिवशी असते, तेव्हा क्लायमॅक्स साडेनऊच्या आत आणा.

पाय_मोकळे
विलार्डचं मी सांगतो, कोरिओग्राफी करतो म्हणून. लहानपणापासून गरबा केलेल्या पोराला वाईट नाच म्हटलं की तो माकडचाळे करतो, हात फेकतो, तोंड वेडंवाकडं करतो आणि ते खोटं दिसतं. खरोखर न येणारा माणूस कमी हलतो. त्याला सांगा पुढच्याच्या पायांकडे बघ आणि टाळी अर्धा ठोका उशिरा दे, बस. गुडघे ताठ, खांदे वर, श्वास रोखलेला. गोलात सगळे आत जातात तेव्हा हा अजून वळतोय आणि सगळे बाहेर येताना हा आत, धडका होतील तेवढ्या होऊ देत, हशा आपोआप येतो. मग शिकण्याच्या गाण्यात आधी फक्त खांदे सोडायचे, मग टाळी ठोक्यावर आणायची, पाय सगळ्यात शेवटी. टाळी जमली त्या कडव्याला ढोलवाल्याला वाजवू द्या, त्याआधी नुसता ताल तोंडाने. ढोल लाइव्ह आहे ना तुमच्याकडे? ट्रॅकवर करणार असाल तर हे जमणार नाही, आत्ताच सांगा.